बारावा घास



गेल्या दशलक्षण पर्वातली गोष्ट. तिसरा दिवस, उत्तम आर्जव. अभिषेक आटोपून आम्ही मंडळातल्या बायका मंदिराच्या ओवरीत बसलो होतो. एका काकूंनी माझा दंड धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हिच्याकडनं शिका गं. जिभेवर ताबा असावा तर असा. निम्मी झाली की!"

मी नुसती हसले. डिसेंबरात पुण्याला जाऊन माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि गावात मी सांगितलं होतं, पित्ताशयात खडे होते. नऊ महिने तेच सांगत होते. अर्ध्या तासानं प्रवचन सुरू झालं. आर्जव म्हणजे सरळपणा. मनात एक, तोंडात एक, वागण्यात तिसरंच, असं नसणं. माझी मान वर होईना.

दुसऱ्या दिवशी मंडळात सगळं सांगून टाकलं. त्यानंतर कितीजणींनी बाजूला घेऊन विचारलं, कुणी रात्री फोन केले. म्हणून आज इथे सविस्तर लिहिते.

माझी उंची पाच फूट एक इंच आणि वजन १०२ किलो होतं. नऊ वर्षांपासून मधुमेह, तीन प्रकारच्या गोळ्या. झोपेत श्वास अडकायचा म्हणून रात्री नाकावर मास्क लावून झोपायचं. खाली मांडी घालून पूजेला बसणं बंद होऊन चार वर्षं झाली होती. कुंभोजच्या बाहुबलीला गेलो की घरचे डोंगरावर जायचे आणि मी खाली बाकावर सगळ्यांच्या चपला राखत बसायची.

आपल्याकडे अशा बाईला हमखास एक सल्ला मिळतो: उपवास कर. मैत्रिणींनो, मी उपवास कमी केले नव्हते. अष्टमी-चतुर्दशीला एकाशन, दशलक्षणात एकाशन आणि अनंत चतुर्दशीला निर्जळी. दहा दिवसांत तीन किलो उतरायचे, दिवाळीपर्यंत पाच चढायचे. एकाशनाला एकदाच बसायचं, म्हणून मी अशी जेवायची की उठताना हात टेकावा लागे.

ऑपरेशनच्या आदल्या वर्षी अनंत चतुर्दशीला मी मंदिरातच चक्कर येऊन पडले. मधुमेहाची गोळी घेतली होती आणि पोटात पाण्याचा थेंब नव्हता. साखर ५४ वर आली होती. लेकीनं तोंडात साखरपाणी घातलं. नियम मोडला म्हणून मी रडत होते आणि बायका म्हणत होत्या, केवढं हे तप! मला मात्र ठाऊक होतं की सकाळपासून माझ्या डोळ्यांपुढे पारण्याची शेवयांची खीर होती. पूजेत अर्घ्य वाहतानासुद्धा खीरच.

डॉक्टरांनी वजनाच्या ऑपरेशनचं सुचवलं तेव्हा घरात दोन तट पडले. आमचे हे म्हणाले, "तू ठरवशील ते." सासूबाई म्हणाल्या, "खाणं कमी करायला पोट कापून घ्यायचं? आमच्या वेळी तोंड आवरायचे." मला रागही आला आणि ते खरंही वाटलं. दोन महिने मी काहीच ठरवलं नाही.

त्याच सुमारास गावात आर्यिका माताजींचा विहार आला. मी धीर करून विचारलं, हे पाप आहे का? माताजी म्हणाल्या, "ऑपरेशनचं डॉक्टरांना विचार. मी एवढंच विचारते, उपवासात तुझं मन कुठं असतं?" मला खीर आठवली. उत्तर देता आलं नाही. घरी येताना मात्र एक गोष्ट लख्ख झाली. ज्याला मी तप म्हणत होते ते माझ्या शरीराला झेपत नव्हतं आणि माझ्या मनाला शिवतही नव्हतं. मग ते सोडण्यात मी नक्की काय गमावणार होते? आणि असंच चालू राहिलं तर डोळे, मूत्रपिंडं आणि गुडघे गमवायची वेळ येणार होती. पुढच्या आठवड्यात मी होकार कळवला.

माझं ऑपरेशन 'स्लीव्ह' प्रकारचं. दुर्बिणीतून, पोटावर पाच छोटी छिद्रं पाडून करतात. जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी ठेवतात. काढलेला भाग परत जोडता येत नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. शिवणीतून गळती, रक्तस्राव, पुढे छातीत जळजळ, हे धोकेही सांगितले. जठराचा जो भाग जातो त्यात भूक लावणारा एक स्राव जास्त तयार होतो, म्हणून भूकही कमी होते. ऑपरेशनच्या आधी यकृत आक्रसावं म्हणून दोन आठवडे जवळजवळ पातळ आहारावरच होते.

आता आपल्या घरांतल्या बायकांसाठी महत्त्वाचं. हे सगळं आधीच विचारून घ्या, भूल द्यायच्या टेबलावर नव्हे.

रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ऑपरेशननंतर पोटावर इंजेक्शनं टोचतात. त्यातलं हेपारिन जातीचं औषध बहुधा डुकराच्या आतड्यापासून काढतात. मी विचारल्यावर डॉक्टरांनी कारखान्यात तयार होणारं कृत्रिम औषध लिहून दिलं. सगळ्यांना ते चालेलच असं नाही, आणि जिवावर बेतलं असेल तेव्हा डॉक्टर देतील ते घ्यावं, असं माझं मत आहे. बऱ्याच कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं असतं. गोळ्या मागून घ्या. ड जीवनसत्त्वाचा डी३ प्रकार बहुधा मेंढीच्या लोकरीच्या तेलापासून बनवतात, डी२ बहुधा यीस्टपासून बनवतात. बी-१२, लोह, कॅल्शियम या गोळ्या आता जन्मभर आहेत, तेव्हा एकदाच नीट चौकशी केलेली बरी.

इस्पितळातून मिळालेल्या आहाराच्या कागदावर अंड्याचा पांढरा भाग, बटाट्याचं सूप, गाजराचं सूप होतं. मी आहारतज्ज्ञ बाईंसमोर बसून एकेक ओळ बदलून घेतली. बटाट्या-गाजराऐवजी दुधी आणि लाल भोपळा आला, अंड्याऐवजी पनीर आणि मुगाची डाळ. त्या म्हणाल्या, "काहीही खा, पण दिवसाला ६० ग्रॅम प्रथिनं व्हायला हवीत." द्विदलाचा आपला नियम तर माझ्या कामीच आला. डाळ आणि ताक एकत्र नको, म्हणून सकाळी ताक, दुपारी वरण. इतक्या लहान पोटाला तसंच सोसतं.

खरी अडचण सूर्यास्ताची होती. डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. माझा रात्रीभोजन त्यागाचा नियम आहे, पाणी आणि औषधाची सूट ठेवलेली. सकाळी सातपासून पावणेसहापर्यंत दर दोन तासांनी थोडं थोडं असे सहा वेळा मांडले. पाणी जेवणाबरोबर प्यायचं नाही, अर्धा तास आधी किंवा नंतर, तेही एकेक घोट. पहिला महिना घड्याळ आणि वाटी यांतच गेला.

त्या वाटीचं सांगायला हवं. घरी आले त्या दिवशी सासूबाईंनी माझ्या मुलाच्या उष्टावणाची चांदीची वाटी काढली, घासूनपुसून त्यात मुगाचं गाळलेलं पाणी आणलं आणि चमच्यानं पाजलं. पाच चमचे झाले आणि छातीपाशी दाटलं. त्यांनी वाटी खाली ठेवली. "पुरे?" म्हणाल्या. पंचवीस वर्षांत त्या घरात मला 'पुरे' असं कुणी विचारलं नव्हतं. 'अजून घे' हीच आपल्या घरची माया. पंधरा दिवस त्याच बसून पाजत होत्या, आणि ऑपरेशनबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत.

सगळं सरळ पार पडलं असं मात्र नाही. चौथ्या आठवड्यात घट्ट वरण सुरू झालं होतं. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. परातीत ज्वारीची भाकरी होती, गरम. एक तुकडा आमटीत बुडवला आणि नीट न चावता गिळला. तो छातीत अडकला. घाम फुटला, तोंडाला पाणी सुटलं, मोरीत वाकून ओकले. शिवण उसवली की काय या भीतीनं रात्रभर झोप नाही. सकाळी डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले काही झालेलं नाही, पण घास पातळ होईपर्यंत चावा. मला कळायचं ते कळलं. जठर कापून काढता आलं, हावरटपणा जागच्या जागी होता. भूक नव्हतीच त्या वेळी. भाकरी दिसली, एवढंच.

चौथ्या महिन्यात केस मुठीनं गळायला लागले. पाचव्यात थांबेनात म्हणून मी घाबरले. असं होतं आणि भरून येतं, असं डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, तरी आरशापुढे रडू यायचं ते यायचंच. हळूहळू थांबले. वर्षानं वजन ७४ वर आलं. तीन गोळ्यांची एक झाली. मास्क सुटला. मांडी घालता येते, पण उठताना अजून भिंत धरते.

आता पुन्हा त्या पर्वाकडे. डॉक्टरांनी निर्जळीला साफ नकार दिला होता. दहा दिवस काय करायचं, या विचारानं मी हिरमुसले होते. सातव्या दिवशी, उत्तम तपाला, माताजींनी सहा बाह्य तपं समजावून सांगितली. पहिलं अनशन, म्हणजे उपवास. दुसरं अवमौदर्य, म्हणजे पोटाला थोडं ऊन ठेवून उठणं. आपल्या ग्रंथांत पोटभर आहाराचं मापही दिलं आहे: पुरुषाला ३२ घास, स्त्रीला २८. त्यातून एक घास कमी घेतला तरी त्या तपाची सुरुवात होते.

मी बसल्या जागी हिशेब केला. माझं पोट बारा घासांत भरतं. अठ्ठावीसातले सोळा घास गेले, पण ते सर्जननं काढले. त्याचं पुण्य माझ्या खात्यावर कसं पडेल? काकू ज्याला जिभेवरचा ताबा म्हणत होत्या तो ताबा नव्हता, वाट अरुंद झाली होती. पूर्वी चक्कर येऊन पडले तेव्हाही बायकांनी तप म्हटलं, आता बारीक झाले तेव्हाही तपच म्हटलं. दोन्ही वेळा मी ते ऐकून घेतलं.

त्या दिवशी घरी येऊन ताटावर बसले. अकरा घास झाले. बारावा मावणार होता, वाटीत होता, पनीरची मऊ भाजी होती, मला आवडणारी. मी हात धुतला.

तेव्हापासून रोज दुपारच्या जेवणात एवढाच नियम घेते. प्रथिनांचा हिशेब दिवसभरात पुरा करते, त्याला धक्का लावत नाही, कारण त्यात हयगय केली की शरीर झिजतं. बाकी नऊ-दहा महिन्यांत किती दिवस जमलं, विचाराल तर साधारण निम्मे. लग्नाच्या पंगतीत जमत नाही. कुणी घासाला बोलण्यात गुंतवलं की मोजणंच चुकतं. परवा आमरस होता, तेव्हा बारावा काय, तेरावाही घ्यायला गेले आणि दोन तास आडवी पडले.

ज्या मैत्रिणी विचारतात, मी करू का, त्यांना मी हो म्हणत नाही आणि नकोही म्हणत नाही. दोन डॉक्टरांना भेटा, धोके विचारा, पुढची जन्मभराची औषधं आणि खर्च विचारा, घरात मुगाचं पाणी कोण गाळणार ते बघा. आणि केलंत तर खडे होते असं सांगू नका. ते खोटं नऊ महिने सांभाळणं मला ऑपरेशनपेक्षा जड गेलं.

सासूबाई आता माझ्या शेजारी बसून जेवतात. मी हात धुवायला उठले की माझ्या वाटीत बघतात. एक घास उरलेला असला तर काही बोलत नाहीत, तो स्वतःच्या ताटात ओढून घेतात. आपल्याकडे ताटात टाकायची पद्धत नाही ना.