शहाण्णव अंशांचं पाणी

मुलांनो, मे महिन्याच्या सुट्टीत तुमच्या बाई आणि सर काय करत असतील असं तुम्हांला वाटतं? आंबे खातात, लग्नांना जातात आणि जूनमध्ये तुम्हांला छळायला ताजेतवाने होऊन येतात! मीही वर्षानुवर्षं तेच केलं. पण २०१३ च्या उन्हाळ्यात मात्र मी चक्क विद्यार्थिनी झाले.

त्या वेळी मी साताऱ्याला कॉलेजात शिकवत होते. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही उन्हाळ्यात दोन महिने संशोधन शिकायला पाठवत. माझी निवड झाली आणि मी बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत दाखल झाले. काम कशावर, तर फळमाशीवर! पिकल्या केळ्याभोवती घोंघावतं ना, ते जेमतेम तीन मिलिमीटरचं चिलट. शास्त्रीय नाव ड्रोसोफिला. पंचवीस अंश तापमानाला अंड्यापासून माशी व्हायला दहाएक दिवस पुरतात, म्हणून दोन महिन्यांत तिच्या चार पिढ्या सहज बघता येतात. या पाहुण्यांचा स्वयंपाकही आम्हीच करायचा. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि अगर यांची खीर! मला शिकवणारी संशोधक माझ्या मुलीच्या वयाची होती. पहिल्या आठवड्यात मी दोन बाटल्या फोडल्या, ती काही बोलली नाही.

एका सकाळी खिरीसाठी पाणी उकळत होतं. सहज म्हणून थर्मामीटर बुडवला. पारा सत्त्याण्णववर थांबला.

"हा बिघडलाय," मी म्हटलं.

तिनं दुसरा दिला. पुन्हा सत्त्याण्णव!

"मॅडम, आपण नऊशे मीटर उंचावर आहोत ना," ती म्हणाली.

उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून पाणी लवकर उकळतं. तीनशे मीटर चढलं की साधारण एक अंश कमी. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं की! दरवर्षी फळ्यावर लिहून देत होते मी. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर फळा नाही, एक मुलगा आला.

१९९६ साली मी पाचगणीच्या एका शाळेत होते. पाचगणी म्हणजे जवळजवळ तेराशे मीटर. नववीतल्या त्या मुलानं जर्नलमध्ये लिहिलं होतं, पाणी ९६ अंशांना उकळलं. मी लाल पेनानं काट मारली. "पुस्तकात किती आहे? शंभर. पुन्हा कर." त्यानं आणखी दोनदा केलं. शेवटी ९६ खोडून १०० लिहिले, आणि मी शेरा दिला, 'छान'.

परतल्यावर मी त्याचा पत्ता काढला. वाईच्या रस्त्याला त्याचं गॅरेज होतं. मी सगळं सांगितलं. त्यानं फडक्याला हात पुसले.

"शहाण्णवच होतं, बाई," तो म्हणाला. "तिन्ही वेळा."

मग त्यानं समोरच्या टपरीवरून दोन चहा मागवले.