मस्टर आणि छाट

सोलापुरात 'मस्टर' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मस्टरवर नाव आहे तोवर पगार. नाव कापलं की घरी. कामगार कायद्याचा सल्लागार म्हणून माझं निम्मं आयुष्य मस्टरं चाळण्यात गेलं. इंग्रजीत याच शब्दाचा एक वाक्प्रचार आहे, 'टु पास मस्टर'. माणूस किंवा वस्तू ठरल्या दर्जाला पुरी पडली की तो वापरतात. आमच्या मस्टरला दर्जाशी काय देणंघेणं? हजर की खाडा, एवढंच ते विचारतं.

दर्जा आला फौजेतून. मस्टरचं मूळ लॅटिन 'मोन्स्त्रारे', म्हणजे दाखवणं. शिपायांना हत्यारांसकट रांगेत उभं करून दाखवायचं. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडात त्या पाहणीतून सुटणं म्हणजे मस्टर पास होणं. पण पाहणीमागचं खरं दुखणं चोरीचं होतं. कप्तानाला पैसे डोक्यांवर मिळत. मेलेल्या, पळालेल्या शिपायाचं नाव यादीत राहिलं की त्याचा पगार कप्तानाच्या खिशात. पाहणीपुरती भाड्याची माणसं उभी करायची. शेक्सपिअरच्या 'हेन्री चौथा'च्या दुसऱ्या भागातला फॉल्स्टाफ तर पैसे खाऊन धडधाकट गडी सोडतो आणि मरतुकडे भरती करतो. मला तो भलताच ओळखीचा वाटतो. डोक्याला टॉवेल गुंडाळला तर दुष्काळी कामावरचा मुकादम म्हणून सहज खपेल.

कारण १९७२च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यानेही खडी फोडली आणि पुढे रोजगार हमीच्या कामांवर 'बोगस मस्टर' हा शब्द रुळला. मयताचा अंगठा, मुंबईला गेलेल्याची हजेरी, एकाच हाताच्या दहा सह्या. गिरण्यांत हे तितकं सोपं नव्हतं. १८७७ सालच्या जुन्या मिलपासून इथे टाइमकीपर बसले, आणि फाटकावर बदली कामगार ताटकळत असे. कुणाचा खाडा पडला तरच त्याच्या घरी चूल पेटायची. खोट्या हजेरीवर त्याच्याइतकी कडक नजर कुणाची असणार?

दर्जा पाहायचा तर विडी कारखान्यात जावं. बाई घरी हजार विड्या वळते, मोजून कट्टे बांधते आणि कारखान्यात नेते. तपासणारा कट्टा हातात घेतो, अंगठ्याने दाबतो, तोंडं पाहतो. पान फाटलेलं, तंबाखू सैल, टोक नीट दुमडलेलं नाही, की विडी बाजूला. ती 'छाट'. छाटीची मजुरी नाही, आणि छाट विडी बाईला परतही मिळेलच असं नाही! माझ्याकडे येणाऱ्या बायका मजुरीच्या दरापेक्षा छाटीवर जास्त बोलतात. १९६६च्या विडी कायद्याने छाटीचे वाद सोडवण्याची तरतूद केली, नियमांनी छाटीच्या टक्केवारीला मर्यादा घातली. मात्र सैल म्हणजे किती सैल, हे अखेर त्या अंगठ्यानेच ठरवायचं. माझ्या मते इंग्रजी वाक्प्रचाराची खरी जागा ही आहे, हजेरीपटावर नव्हे.

हजेरीपट तर आता मोबाइलमध्ये गेला. २०२३पासून मनरेगाच्या सार्वजनिक कामांवर ॲपमधून दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो सक्तीचा झाला. २०२५ साली केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना कळवावं लागलं, की काही ठिकाणी माणसांऐवजी फोटोचाच फोटो काढून चढवला जातोय.