अंगठ्याचा गुन्हा

न्यूयॉर्कला जाऊन आलेला माणूस तिथल्या उंच इमारतींविषयी बोलतो. मला मात्र आठवतो तो एका सायकलच्या मुठीवर टेकलेला अंगठा.

ब्रॉडवेवर पावसाची झिमझिम चालू होती. भाचीने जेवण बाहेरून मागवले होते. ते घेऊन जो गृहस्थ दारात आला तो ढाक्याकडचा निघाला. मुठींना प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळलेल्या, मागे भलीमोठी पेटी आणि दांड्याला बॅटरी, अशी त्याची सायकल. मोडक्यातोडक्या हिंदीत आमची गट्टी जमली.

"पायडल मारत नाही वाटतं?" मी विचारले.

त्याने उजवा अंगठा वर केला. "दहा-बारा तास पाय कुठले पुरतात, साहेब? हाच चालवतो. ह्याच्यापायी एकदा दंडही भरलाय!"

भाचीने मग मला या अंगठ्याची सगळी हकिकत सांगितली. ती जितकी गमतीची, तितकीच कडू आहे.

विजेच्या सायकली दोन जातींच्या. एकीत पायडल माराल तोवरच मोटर हातभार लावते. पाय थांबले की मोटरही थांबते. दुसरीला थ्रॉटल असते. अंगठ्याने खटका दाबायचा, की पाय स्वस्थ आणि सायकल चालू! पायडल आहेत, मोटर ७५० वॅटपेक्षा कमी आहे आणि नुसत्या मोटरवर वेग ताशी २० मैलांच्या आत आहे, तर अमेरिकेच्या २००२ च्या केंद्रीय कायद्याने ती विक्रीपुरती सायकलच. म्हणून दुकानांतून ती राजरोस विकली जाई. पण रस्त्यावरचे नियम राज्याचे. न्यूयॉर्क राज्याच्या लेखी ती मोटरगाडी होती, आणि तिची नोंदणी करण्याची सोय मात्र नव्हती. मोटरगाडी म्हणून नोंदवता येईना, सायकल म्हणून चालवता येईना! त्रिशंकूला निदान आकाशात तरी जागा मिळाली होती.

२०१८ साली शहराने पायडलवालीला मोकळीक दिली. अंगठेवालीला पाचशे डॉलरचा दंड कायम राहिला. हौसेने फिरणाऱ्याला पायडल परवडे. घरोघर जेवण पोहोचवणारा, बहुधा परदेशातून पोटासाठी आलेला माणूस अंगठा दाबी. कायद्याने पाय निर्दोष ठरवले आणि अंगठा गुन्हेगार.

पादचाऱ्यांची भीती खोटी होती असे मात्र नाही. आवाज न करता, उलट्या दिशेने, कधी फुटपाथवरूनही ही सायकल अंगावर येते. नातवाचा हात धरून रस्ता ओलांडणाऱ्या आजीने काय करावे? २०१९ साली राज्याच्या विधिमंडळाने थ्रॉटलला मान्यता देणारे विधेयक मंजूर केले. गव्हर्नरांनी डिसेंबरात ते फेटाळले.

आणि मग मार्च २०२० उजाडला. साथीने उपाहारगृहांतली बाके रिकामी झाली, शहर दारे लावून बसले, आणि याच गुन्हेगार अंगठ्यांनी त्याला जेवू घातले. महापौरांनी दंडाची कारवाई थांबवली. एप्रिलमध्ये राज्याच्या अंदाजपत्रकाबरोबर थ्रॉटल कायदेशीर झाले. ना लायसन, ना नंबरपट्टी. वय मात्र सोळा पूर्ण हवे. राज्यात वेगाची मर्यादा २० मैलांची. न्यूयॉर्क शहरात २५ मैलांपर्यंत जाणारी सायकलही चालेल, पण तिच्यावर हेल्मेट सक्तीचे.

गोष्ट तिथे संपली नाही. २०२३ साली शहरात लिथियम बॅटऱ्यांच्या आगींत १८ माणसे गेली. त्याच सप्टेंबरपासून तपासून प्रमाणित केलेल्या सायकली आणि बॅटऱ्याच विकण्याचे बंधन आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये शहराने वेग १५ मैलांवर, म्हणजे ताशी सुमारे २४ किलोमीटरवर आणला. मला यात एक शहाणपण दिसले. कायद्याची नजर उशिरा का होईना, अंगठ्यावरून उठून वेगावर आणि आगीवर गेली. धोका तिथेच आहे.

आपल्याकडचा नियम हा पाय-अंगठ्याचा वाद घालत नाही. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर लायसन नको, नोंदणी नको. मात्र पाडव्याला घेतलेल्या गाडीचा वेग चिरंजीवांनी गुपचूप वाढवून घेतला, की ती कायद्याने मोटरगाडी झाली. वडीलमंडळींनी एवढे ध्यानात ठेवावे.

त्या रात्री मी खिडकीतून पाहत होतो. पिशवी देऊन तो निघाला. कोपऱ्यावर दिवा लाल होता. रस्ता ओस, पाऊस वाढलेला, पेटीत दुसऱ्या कुणाचे तरी जेवण निवत असलेले. त्याने अंगठा काढला आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकून तो दिवा हिरवा होईपर्यंत भिजत उभा राहिला.