पस्तीस आणि अडतीस

हृदयाचा ताल नेमका कुठे असतो, हा प्रश्न खरे तर कवीला पडावा. तो पडला लंडनमधल्या संगणकवाल्यांना!

1960 च्या सुमाराची गोष्ट. युनिव्हर्सिटी कॉलेजातला डेनिस नोबल हा तरुण संशोधक संगणकावर वेळ मागायला गेला. माणक्यांच्या, म्हणजे पुस्तकी मराठीतल्या माकुळांच्या, मज्जातंतूतून विजेची लहर कशी जाते याची समीकरणे हॉजकिन आणि हक्सली यांनी 1952 साली मांडली होती. तीच थोडी बदलून नोबलला हृदयाच्या पेशीला लावायची होती. संगणकवाल्यांनी समीकरणे पाहिली आणि विचारले, यात पुन्हापुन्हा हेलकावे घेणारे तर काहीच नाही, मग ठोका पडणार कसा? शेवटी त्याला वेळ मिळाला, पण रात्री दोन ते चार.

आणि ठोका पडला. पेशीच्या भिंतीत सोडियम-पोटॅशियमची सूक्ष्म दारे असतात. विजेचा दाब बदलला की दारे उघडतात-मिटतात, आणि दारे उघडली-मिटली की दाब बदलतो. या देण्याघेण्यातून ताल आपोआप उभा राहतो. एकाही समीकरणात तो वेगळा लिहिलेला नसतो. चवथीला घरात घुमट आरती चालते तेव्हा ताल कुणाकडे आहे असे कुणी विचारले, तर आपण बोट कुणाकडे दाखवणार? घुमटाकडे, शामेळाकडे की कासाळ्याकडे?

मी कला शाखेचा पदवीधर, सरकारी कचेरीत कारकून. गणिताशी संबंध पगारपत्रकापुरता. हे सगळे वाचायची वेळ आली ती डिचोलीच्या मामामुळे. त्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला. काही महिन्यांनी टू-डी इको काढला, त्यात इजेक्शन फ्रॅक्शन 38 आले. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते, तो हा आकडा. निरोगी माणसात तो साधारण 55 ते 70 असतो. 35 किंवा त्याहून कमी असेल, तर इतर अटी पाहून छातीत आयसीडी बसवतात. ताल भलताच बिघडला तर हे यंत्र आतूनच विजेचा झटका देऊन माणसाला वाचवते. मामाला डॉक्टर म्हणाले, तुम्ही त्यात बसत नाही.

मामा मला म्हणाला, "अरे, तीन टक्क्यांनी मी सुरक्षित झालो काय?"

त्याचा प्रश्न मला ओळखीचा वाटला. कचेरीत योजनेची उत्पन्नमर्यादा ठरलेली असते, आणि ती थोड्याशा रुपयांनी ओलांडलेला अर्जदार खिडकीपाशी उभा असतो. मी त्याला नियम दाखवतो. नियम काही वाईट नसतो. शेकडो अर्ज निकालात काढायचे तर कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण रेघेच्या दोन्ही बाजूंना माणसे असतात. हृदयाच्या बाबतीतही तसेच आहे. अचानक मृत्यू येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा आकडा 35 च्या वरच असतो. उलट यंत्र बसवलेल्या पुष्कळांना त्याचा झटका आयुष्यात कधीच लागत नाही. जंतुसंसर्गाची आणि नको तेव्हा झटका बसण्याची जोखीम मात्र त्यांच्या वाट्याला येते.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नतालिया त्रायानोवा यांच्या गटाने ही रेघ ओलांडून पाहिली. रुग्णाच्या एमआरआयवरून त्याच्याच हृदयाची प्रतिकृती संगणकात उभी करायची. झटक्याचा व्रण कुठे आहे, त्याच्या कडेची अर्धमेली पेशीजाळी कुठवर पसरली आहे, सगळे जसेच्या तसे. मग या प्रतिकृतीला वेगवेगळ्या जागी विजेचे टोचे द्यायचे आणि लहर व्रणाभोवती गरगर फिरत राहते का ते बघायचे. प्रत्यक्ष माणसाच्या हृदयाला हातसुद्धा लावायचा नाही! 2016 साली त्यांनी यंत्र बसवलेल्या 41 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे कुणाचा ताल बिघडला, हे इजेक्शन फ्रॅक्शनपेक्षा या प्रतिकृतीने कितीतरी चांगले ओळखले होते.

41 ही संख्या लहान आहे, हे खरेच. पण विचार पटतो. ताल जसा एका समीकरणात नसतो, तसा धोकाही एका आकड्यात नसतो. व्रण कुठे बसला आहे आणि त्याच्या शेजारी कोण जिवंत आहे, यावर तो ठरतो. दोघांचे आकडे 38 असतील, पण हृदये दोन वेगळी असतात.

मामाला ही तपासणी मिळण्यासारखी नव्हती. तो गोळ्या वेळेवर घेतो, सकाळी देवळापर्यंत चालून येतो. मामी अजून रात्री उठून त्याचा श्वास चालू आहे ना ते बघते. गेल्या रविवारी मी त्याला या संगणकातल्या हृदयाबद्दल सांगितले. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "बरे आहे. त्यांना म्हणावे, जरा लवकर करा."