विहिरीपासून १८ मीटर

शाळेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर पुण्याच्या पूर्वेस, नुकत्याच बिनशेती झालेल्या माळावर मी एक लहानसा भूखंड खरेदी केला, तेव्हा ओसरीचा आणि अंगणातल्या पारिजातकाचा जेवढा विचार मी केला होता, त्याच्या शतांशानेही घरातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा केला नव्हता. शहराची मलवाहिनी तेथवर पोहोचलेली नसल्याने सेप्टिक टँक आणि शोषखड्डा नकाशात दाखविणे प्राप्त होते. टाकीची रुंदी किमान ७५ सेंटिमीटर, पाण्याची खोली किमान १ मीटर, लांबी रुंदीच्या दुपटीहून कमी नाही, ही मापे मला प्रथम दफ्तरी हिशेबासारखी रुक्ष वाटली. परंतु मैलापाणी टाकीत संथ राहून त्यातला गाळ तळाशी बसावा एवढ्यासाठीच ती आहेत, हे आमच्या वृद्ध मिस्त्रींनी मातीत रेघा ओढून समजावले, आणि नियमाच्या पोटातला विवेक मला दिसला.

खरी अडचण निघाली ती शोषखड्ड्याची. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून तो १८ मीटरांच्या आत असता कामा नये, आणि राहत्या घरापासूनही किमान ६ मीटर दूर असावा, असा दंडक. शेजारच्या शेतातील विहिरीच्या कठड्यापर्यंत मी स्वतः टेप धरली. अंतर ११ मीटर भरले. नकाशावर ती विहीर नव्हतीच! ती आपल्या हद्दीबाहेर आहे, तिची नोंद आपण कशाला घ्यायची, असे नकाशा काढणाऱ्याचे म्हणणे. जमीन किती पाणी शोषते हे पाहण्यासाठी खड्ड्यात पाणी ओतून पातळी २५ मिलिमीटर उतरण्यास लागणारा वेळ आम्ही घड्याळ लावून मोजला. मुरमात ते भराभर उतरले, तेव्हा मुकादम प्रसन्न झाला आणि मी चिंतेत पडलो, कारण आमच्याकडच्या काळ्या पाषाणाला भेगा असतात, आणि मातीने पुरते गाळून घेण्यापूर्वीच ते पाणी त्या भेगांच्या वाटेने विहिरीच्या झऱ्याला मिळणे अशक्य नव्हते.

त्या विहिरीवर शेतातल्या आजी रोज पहाटे हंडा भरीत. “गुरुजी, उन्हाळ्यातबी हिचं पानी आटत न्हाई,” असे त्या मला अभिमानाने सांगत. त्यांना तोंड दाखवायचे तर दुसरा मार्ग नव्हता. शोषखड्डा समोरच्या कोपऱ्यात नेला. घरापासूनचे अंतर राखण्यासाठी ओसरी गेली, पारिजातकाची जागाही गेली, आणि सुधारित नकाशा मंजूर होईतो दीड महिना काम खोळंबले.

पहिल्याच पावसाळ्यात गल्लीतल्या एका घराच्या गच्चीची पन्हळ सेप्टिक टँकच्या चेंबरला जोडलेली निघाली. एका रात्रीच्या मुसळधार पावसाने तळाचा गाळ ढवळून शोषखड्ड्यात लोटला, खड्डा तुंबला, आणि सकाळी काळे पाणी रस्त्यावर आले. त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. रस्त्याकडेने पावसाळी गटार बांधून देण्याचे विकसकाने लेखी कबूल केले होते, ते कागदावरच राहिले होते, आणि गच्चीवरच्या पाण्याला दुसरी वाट कोणी दिली होती? अखेर आम्ही रहिवाशांनीच वर्गणी काढून ओढ्यापर्यंत चर खणला, त्यांची पन्हळ त्यात सोडली, आणि गटारासाठीचा अर्ज अद्यापि लावून धरला आहे.

माझ्या सुधारित नकाशात हद्दीच्या रेषेबाहेर एक लहानसे वर्तुळ आहे, आणि तेथपासून शोषखड्ड्यापर्यंत १९ मीटर लिहिलेले आहे. पलीकडच्या भूखंडावर घर बांधू पाहणारे एक तरुण दांपत्य गेल्या आठवड्यात त्या नकाशाची प्रत मागून घेऊन गेले.