स्लीपरच्या तिकिटावर परदेश

आमच्या मोहल्ल्यात परदेश म्हणजे दोनच गोष्टी. एक हज-उमरा, दुसरी गल्फची नोकरी. पहिली नशिबाने मिळते, दुसरी एजंटाला पैसे देऊन. मुलांना सोबत घेऊन, नुसतं बघायला म्हणून दुसऱ्या देशात जाणं ही गोष्ट आमच्या बोलण्यातही येत नाही. तो शौक मोठ्या लोकांचा, असं आम्ही धरूनच चालतो.

तशी वर्धा जिल्ह्यातल्या मुलांना परदेशी माणसं नवी नाहीत. गांधीजी 1936 साली सेवाग्रामला राहायला आले, तेव्हापासून जगभरची माणसं आपल्याकडे येत असतात. हिंदी विश्वविद्यालयात बाहेरच्या देशांतली मुलं शिकायला येतात. आमच्या शाळेची सहल आश्रमात गेली की आमची मुलं बापूंच्या वस्तूंपेक्षा गोऱ्या पाहुण्यांकडेच जास्त बघतात. ते येतात आणि आपण त्यांना बघतो, एवढाच आपला परदेश.

मी पुलगावच्या एका विनाअनुदानित शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. मुलांच्या अब्बूंचं शिवणकामाचं दुकान आहे. मुलीने सहावीत असल्यापासून परदेशाचा धोशा लावला होता, तेव्हा एकदा मी कागदावर हिशेब मांडला. मोठ्यांच्या पासपोर्टची फी 1500 रुपये, मुलांची 1000. चौघांचे 5000 रुपये, म्हणजे माझा जवळपास अर्धा पगार. आणि एवढे भरूनही आम्ही पुलगावातच! तो कागद मी डब्यात ठेवून दिला.

मग 2022 च्या एप्रिलमध्ये बातम्यांत पाहिलं की बिहारमधल्या जयनगरहून नेपाळमध्ये जाणारी प्रवासी रेल्वे सुरू झाली. 2 एप्रिलला दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी तिला हिरवा झेंडा दाखवला. जयनगर ते कुर्था, सुमारे 35 किलोमीटर, वाटेत जनकपूर. नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही. 31 जुलै 1950 च्या करारापासून ही सीमा दोन्हीकडच्या लोकांसाठी खुली आहे. जमिनीवरून जायचं तर पासपोर्टही लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. या गाडीसाठी तर असाही नियम वाचला की कुटुंबातल्या एका मोठ्या माणसाकडे असं ओळखपत्र असलं की बाकीच्यांना रेशन कार्ड किंवा शाळेचं फोटोवालं ओळखपत्र पुरतं. शाळेची ओळखपत्रं तर दर जूनमध्ये मीच लिहिते!

आणखी एका गोष्टीने मला या गाडीचा लळा लागला. तिथली जुनी गाडी 1937 साली सुरू झालेली, अडीच फुटी रुळांवरची. आमच्या पुलगाव-आर्वी गाडीचे रूळही अडीच फुटीच, तेवढेच 35 किलोमीटर. माझे अब्बा त्या गाडीने आर्वीच्या बाजाराला जायचे. दोन्ही गाड्या थकून बंद पडल्या. नेपाळमधली 2014 साली बंद झाली आणि आठ वर्षांनी मोठ्या रुळांवर परत आली. आता तिथे धावणारे दोन डेमू रेक नेपाळने घेतलेत ते आपल्या कोकण रेल्वेकडून. आमच्या आर्वीच्या गाडीची मात्र आम्ही अजून वाटच बघतोय.

2023 च्या मे महिन्यात जायचं ठरलं. मुलाने ही बातमी गल्लीत सांगितली आणि खेळातल्या एका पोराने विचारलं, "पाकिस्तानात चालला का बे?" त्या पोराच्या मनात काही वाईट नसावं. त्याने घरात किंवा मोबाइलवर जे ऐकलं, ते बोलून गेला. पण दहा वर्षांचा माझा मुलगा घरी येऊन गप्प बसला. रात्री जेवताना म्हणाला, "अम्मी, अपने लिए परदेस मतलब पाकिस्तानच होता क्या?"

या प्रश्नाला वर्गात उत्तर देणं सोपं असतं. घरी, ताटावर बसलेल्या स्वतःच्या मुलाला देणं अवघड. मी नकाशाची वही काढली. भारताला जमिनीने लागून असलेले सात देश त्याच्याकडून मोजून घेतले आणि नेपाळवर बोट ठेवलं. पण मला कळत होतं की नकाशाने हे भागणार नाही, याला तिकडे न्यायलाच हवं. तोवर ही सहल मुलीचा हट्ट होती. त्या रात्रीपासून ती माझी गरज झाली.

मुंबईहून जयनगरला जाणारी पवन एक्सप्रेस भुसावळला मिळते. पुलगावहून भुसावळ आणि तिथून पुढे स्लीपर, अशी तिकिटं दोन महिने आधीच काढली. मुलगी तेरा वर्षांची, तिचं पूर्ण तिकीट. मुलगा बाराच्या आतला. एप्रिल 2016 पासून या वयाच्या मुलाला वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं, नको असेल तर अर्धं. आम्ही अर्धं घेतलं आणि बाप-लेक एका बर्थवर उलटसुलट झोपले. शिदोरी घरची : तिखटमिठाच्या पुऱ्या, कैरीचं लोणचं, शेंगदाण्याची कोरडी चटणी, फुटाणे आणि एक डबा गोड खजूर. पाण्याची दहा लिटरची कॅन आणि भिजवून मानेवर टाकायला चार पंचे. मे महिन्यात स्लीपरने जायचं तर एवढी तयारी लागतेच.

डब्यात बहुतेक माणसं मुंबईत, भिवंडीत काम करणारी होती. कुणी दरभंग्याचे, कुणी मधुबनीचे, दोघं तर थेट नेपाळचे. वर्षातून एकदा घरी निघालेले. आम्ही फिरायला चाललोय हे ऐकून त्यांना गंमत वाटली. "हमारे गाँव घूमने जा रहे हैं?" असं म्हणत एका चाचांनी मुलांना वरच्या बर्थवर बसवून घेतलं. इटारसी, जबलपूर, बनारस अशी स्टेशनं मागे पडत गेली. गंगेवरून गाडी गेली तेव्हा डब्यातली माणसं नदीत नाणी टाकत होती आणि माझा मुलगा पुलाचे खांब मोजत होता. मुझफ्फरपूरच्या बाजूला फलाटावर लिची विकायला आली. पुलगावात जे फळ आम्ही लग्नाच्या पंगतीत सरबतातच पाहिलेलं, ते मुलांनी झुबक्यानिशी खाल्लं.

जयनगरला नेपाळच्या गाडीचं स्टेशन भारतीय स्टेशनाला लागूनच आहे. गणवेशातल्या जवानांनी ओळखपत्रं पाहिली, पिशव्या उघडून बघितल्या. "कहाँ से?" विचारलं. "महाराष्ट्र, वर्धा." "वर्धा, गांधीजी वाला?" मी मान डोलावली. झालं. मुलगा माझ्या ओढणीला धरून उभा होता. पुढे सरकल्यावर हळूच म्हणाला, "इतनाच?" त्याने मनात काय काय धरून ठेवलं होतं, ते मला त्या एका शब्दात कळलं.

गाडी सुटली. थोड्या वेळाने सीमा गेली म्हणे. आम्ही चौघं खिडकीला नाक लावून बसलो होतो, तरी कुणालाच दिसली नाही. दोन्हीकडे तीच शेतं, तेच आंबे, तेच तळ्यात डुंबणारे म्हशींचे कळप. इनरवा स्टेशन आलं आणि मुलगी ओरडली, "अम्मी, इधर भी देवनागरी!" खरंच की. नेपाळीची लिपी आपलीच. मुलांनी आयुष्यातला पहिला परदेश स्वतः वाचला, कुणाच्या मदतीशिवाय. जनकपूरच्या बाजारात दुकानांच्या पाट्यांवर 'किराना पसल' लिहिलेलं. पसल म्हणजे दुकान. मुलगा पुलगावला परत आल्यावरही महिनाभर मला "पसल से क्या लाना?" विचारत होता.

मुलांना मौज वाटल्या त्या गोष्टी वेगळ्याच. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर साल 2080, कारण तिथे विक्रम संवत चालतं. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी. त्या वेळी शंभराहून मोठी भारतीय नोट तिथे चालत नव्हती, म्हणून आम्ही शंभराच्याच नोटा नेल्या होत्या. मुलाला वाटलं आपण एका दिवसात श्रीमंत झालो.

जनकपूर म्हणजे सीतामाईचं माहेर. टिकमगढच्या राणीने बांधलेलं जानकी मंदिर पांढरंशुभ्र आहे आणि त्याच्या छत्र्या-कमानी बघून मुलीला औरंगाबादच्या सहलीची आठवण झाली. मंदिराजवळच्या बाजारात लाखेच्या बांगड्या मिळतात, त्यांना लहठी म्हणतात. ज्या दुकानात आम्ही बसलो, ती बाई मुसलमान निघाली. नेपाळमध्ये मुसलमान पाच टक्क्यांच्या थोडे वर, आणि त्यातले बहुतेक याच तराईच्या पट्ट्यात. ती सांगत होती की मैथिल नवरीचं लग्न लहठीशिवाय होत नाही आणि लहठी बनवणारे हात पिढ्यान्‌पिढ्या बरेचसे आपल्या लोकांचे. ती मैथिली बोलत होती, मी आमची वर्ध्याची उर्दू, तरी आमचं कुठे अडलं नाही. शुक्रवार होता. मुलगा अब्बूंसोबत जुम्म्याला जाऊन आला आणि म्हणाला, "खुत्बा सेम टू सेम था."

नऊ दिवसांचा चौघांचा खर्च, तिकिटं, राहणं, खाणं आणि दोन डझन लहठी धरून, पंधरा हजारांच्या आत बसला. आमच्याकडे एका साखरपुड्याच्या जेवणाला यापेक्षा जास्त जातात.

रेल्वेने ओलांडता येणाऱ्या आपल्या सीमा किती कमी झाल्यात, हे मी परत आल्यावर मुलीसोबत वहीत मांडलं. समझौता एक्सप्रेस 22 जुलै 1976 ला सुरू झाली, ऑगस्ट 2019 पासून बंद. राजस्थानातून जाणारी थार एक्सप्रेस 2006 साली सुरू झाली, तीही त्याच महिन्यात थांबली. कोलकात्याहून ढाक्याला जाणारी मैत्री एक्सप्रेस 14 एप्रिल 2008 ची, ती 2024 च्या जुलैत थांबली आणि मुलीने वहीत तिसरी फुली मारली. ज्याच्याकडे पैसा आहे तो दुबईवरून वळसा घालून कुठेही पोहोचतो. रेल्वे बंद झाली की ज्याची बहीण पलीकडे दिली आहे आणि ज्याच्या खिशात स्लीपरपुरतेच पैसे आहेत, तो माणूस अलीकडेच राहतो. म्हणून जी एक वाट अजून उघडी आहे, तिच्यावरून आपण आपली मुलं न्यावीत, असं मला मनापासून वाटतं. दुसरा देश म्हणजे शिवी किंवा धमकी नव्हे. तिथेही कुणी बांगड्या विकतं, कुणी पसल उघडतं. हे मुलाने एकदा डोळ्यांनी पाहिलं की गल्लीत कुणी काहीही विचारलं तरी तो गप्प बसत नाही.

जायचं असेल तर छटपूजेच्या दिवसांत जाऊ नका, त्या गाड्यांत मुंगीलाही जागा नसते. मुलांची शाळेची ओळखपत्रं त्याच वर्षाची, फोटोवर शिक्का असलेली घ्या. मुख्याध्यापकांच्या मागे लागून घ्या.

मुलीने आता श्रीलंकेचा हट्ट धरलाय. कोलंबोहून डोंगरात चढणारी गाडी तिने मोबाइलवर पाहिली. तिथे मात्र पासपोर्टशिवाय जमत नाही, म्हणून तो डब्यातला कागद परत बाहेर काढलाय. पैसे हळूहळू जमतील. त्याआधी जन्मदाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर या तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलेलं 'शेख' एकसारखं करून घ्यायचं आहे. सोमवारी अर्धी रजा टाकली आहे.