आरोपीतर्फे हजर

पोलिसांनी नोंदवलेला साक्षीदाराचा जबाब बहुधा एकाच वळणाने सुरू होतो: ‘समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की...’ साक्षीदार शेतमजूर असो की बँकेतला अधिकारी, पुढची भाषा सारखीच, कारण ती लिहून घेणाऱ्या हवालदाराची असते. बचावाचा वकील कामाला लागतो तो या कागदापासून. सिनेमातला वकील टेबलावर मूठ आपटतो. जिल्हा न्यायालयातला वकील आदल्या रात्री आरोपपत्राच्या नकलेवर पेन्सिलीने खुणा करत बसलेला असतो.

तो शोधतो ते मुख्यतः जबाबात नसलेले वाक्य. पोलिसांपुढचा जबाब हा स्वतः पुरावा नव्हे. बचावाला तो साक्षीदाराच्या कोर्टातल्या बोलण्यातली विसंगती दाखवण्यासाठी वापरता येतो. समजा, साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून सांगतो की आरोपीच्या हातात कोयता होता, आणि जबाबात कोयत्याचे नावही नाही. वकील विचारतो, ‘कोयत्याचे पोलिसांना सांगितले होते?’ ‘हो.’ ‘मग जबाबात तसे लिहिलेले का नाही?’ ‘कारण सांगता येणार नाही.’ इथे थांबायचे. नवखा वकील जिंकल्याच्या भरात आणखी एक प्रश्न विचारतो आणि साक्षीदाराला कारण सुचते: ‘साहेब, मी सांगत होतो, हवालदारांनी लिहूनच घेतले नाही.’ हातातला मुद्दा गेला. शिवाय तपासी अंमलदार साक्षीला येईल तेव्हा ‘साक्षीदाराने असे सांगितले नव्हते’ हे त्याच्याकडून वदवून घ्यावे लागते. तेवढे राहिले, तर आधीच्या मेहनतीला फारसा अर्थ उरत नाही.

उलटतपासणीच्या शेवटी आपली बाजू सूचनेच्या रूपात मांडायची रीत आहे. साक्षीदार ती नाकारतो आणि साक्षीपत्रकात ‘हे म्हणणे खरे नाही की...’ अशी ओळ पडते. पुष्कळांना हा निव्वळ उपचार वाटतो. पण बाळू सुदाम खळदे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले, की बचावाच्या वकिलाने केलेली सूचना आणि तिला मिळालेले उत्तर पुराव्याचा भाग ठरू शकते. ‘तू आधी काठी उगारलीस म्हणून आरोपीने मारले’ असे सुचवणारा वकील आरोपीची घटनास्थळावरची हजेरी स्वतःच कबूल करून बसतो.

शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९८४ चा निकाल फौजदारी वकिलांना तोंडपाठ असतो. पुण्यातल्या विवाहितेचा विषाने मृत्यू, पतीवर खुनाचा आरोप. सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. तिने लिहिलेल्या पत्रांतून आत्महत्येची शक्यता पुसली जात नव्हती. परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या याच निकालात एकत्र मांडल्या गेल्या. बचावासाठी त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट माझ्या मते निराळी आहे: आरोपीचे स्पष्टीकरण खोटे ठरले, तरी सरकार पक्षाच्या साखळीतली तुटलेली कडी त्याने जोडली जात नाही.

मात्र पुण्याच्याच डॉ. अनंत चिंतामण लागू यांच्या खटल्यात १९५६ साली रेल्वेप्रवासापाठोपाठ मरण पावलेल्या महिलेच्या शरीरात विष सापडलेच नव्हते. तरी १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने शिक्षा कायम ठेवली. मृत्यूनंतरचे आरोपीचे वर्तन आणि मालमत्तेचे कागद त्याला नडले. ‘विष सापडले नाही’ एवढ्यावर विसंबणारा बचाव तिथे अपुरा पडला.

ऐकणारा बदलला की बचावही बदलतो. १९५९ च्या नानावटी खटल्यात कार्ल खंडालावाला (पहाडी चित्रशैलीचे हेच ते जाणकार) यांनी झटापटीत गोळ्या सुटल्याचा बचाव मांडला आणि ज्युरीने आठ विरुद्ध एक असे निर्दोषत्व दिले. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही. उच्च न्यायालयाने पुरावा पुन्हा तपासला आणि जन्मठेप दिली. झटापट झाली असती तर मृताच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी कसा राहिला, हा प्रश्न बचावाला शेवटपर्यंत भोवला.

हाच वकील दुपारी दिवाणी न्यायालयात प्रतिवादीतर्फे उभा राहतो, तेव्हा सकाळची सवय तिथे घातक ठरते. फौजदारीत आरोपी गप्प राहू शकतो, राज्यघटनेचे कलम २० त्याच्या पाठीशी आहे. दिवाणीत दाव्यातले विधान विशिष्टपणे नाकारले नाही, तर ते कबूल धरले जाऊ शकते. म्हणून कैफियतीत परिच्छेदामागून परिच्छेद ‘मजकूर खोटा असून प्रतिवादीस नाकबूल आहे’ असे येते. वाचायला कंटाळवाणे, पण ते टाळून चालत नाही. आणि नुसते नाकबूल करूनही भागत नाही, खरे काय घडले तेही सांगावे लागते. कैफियतीला मुदत तीस दिवसांची, न्यायालयाच्या परवानगीने नव्वद. व्यापारी दाव्यांत एकशेवीस दिवस उलटले की दार बंद.

‘अशा माणसाचे वकीलपत्र घेता तरी कसे?’ हे लग्नाच्या पंगतीतही विचारले जाते. काही वकील संघटनांनी तर विशिष्ट आरोपींचे वकीलपत्र न घेण्याचे ठराव केले. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदा ठरवले. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी २०२२ च्या योजनेतून जिल्ह्याजिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालये उभी राहिली. कोठडीतल्या आरोपीला तिथली मदत उत्पन्नाचा दाखला न देता मिळते. तिथला वकील पूर्णवेळ, मानधनावर. खासगी वकिली त्याला बंद. तरुण वकिलांना तिथे खून-दरोड्याचे खटले लवकर हाताळायला मिळतात. खासगी ऑफिसात ज्युनिअरच्या वाट्याला बराच काळ तारखा मागण्याचे अर्जच येतात.